राखणीचे आंबे

परबमामांना मी पहिल्यांदा पाहिलं ते चोरी करताना. बोरीवलीला डोंगराच्या बाजूला आम्ही नुकतंच बिऱ्हाड थाटलं होतं. श्रावण सरत आला होता. सकाळी खिडकी उघडली, तर समोरच्या तावड्यांच्या आंबेवाडीत, कुंपणाच्या आत, खाकी अर्धी चड्डी घातलेला एक उंच, वाळका, साठीचा माणूस लांब काठीला बांधलेल्या आकडीने फांदीवरून काहीतरी ओढत होता. श्रावणात आंबे कुठले? मी डोळे ताणून पाहिलं. आंबेच होते, पण काळे पडलेले, सुरकुतलेले, देठाला चिकटून वाळलेले. एकेक ओढून तो टोपलीत टाकत होता आणि टोपलीवर गोणपाट झाकत होता. माझ्याकडे लक्ष गेलं तरी गडी गडबडला नाही. म्हणाला, "नवीन बिऱ्हाड ना? तावडे विचारतील, तर सांगा परब येऊन गेला म्हणून. चोरून नेतो, पण लपवून नेत नाही."

मग टोपलीवर गोणपाट कशाला, हे मी पुढे एकदा विचारलं. "तुझ्यासाठी नाही गं मास्तरणी, वाऱ्यासाठी," असं उत्तर मिळालं. मी तिथल्या शाळेत शिकवत होते, म्हणून मी मास्तरीण. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मलाही ते कधी सांगावंसं वाटलं नाही. त्या सुकलेल्या फळांवर बुरशीची बारीक पूड असते, ती वाऱ्यावर उडते आणि पुढच्या मोहोरावर बसते, हे त्यांनी मला आमच्या ओट्यावर बसून, चहा थंड होईपर्यंत समजावलं. मामांच्या समजावण्यात समोरच्याला बोलायला फट नसे.

मामा मूळचे मालवणकडचे. लढाईच्या काळात ते लष्कराच्या रसद खात्यात कारकून होते आणि उत्तरेच्या डोंगरात त्यांची छावणी होती. छावणीच्या खाली पीच आणि अलुबुखाराची एक मोठी बाग होती. पहिल्या वर्षी मामांनी तिथली फळं पोटभर खाल्ली. दुसऱ्या वर्षी फळांवर तपकिरी डाग दिसू लागले. डाग वाढून फळ आतपर्यंत कुजायचं, वरून राखी पूड धरायचं आणि गळायच्या ऐवजी फांदीवरच वाळायचं. बागवानाने ती वाळकी फळं तशीच राहू दिली. तिसऱ्या वर्षी फुलंच करपली, आणि छावणी उठायच्या आत त्या बागेची लाकडं छावणीच्या चुलीत जळत होती. "ती लाकडं मी मापून घेतली," मामा सांगायचे. "पीचच्या लाकडाचा वास किती गोड येतो, ठाऊक आहे? मला जेवण गेलं नाही त्या दिवशी."

निवृत्तीनंतर मामांनी तावड्यांच्या शेजारी लहानशी वाडी घेतली, आणि थोड्या वर्षांत आंब्यावर तोच तपकिरी डाग पाहिला. तोच रोग की दुसरा, याबद्दल ते छातीठोकपणे बोलत नसत. "तोच असेल, नाहीतर त्याचा चुलतभाऊ. पण चाल तीच," एवढंच म्हणत. एरवी मात्र छातीठोकपणाला तोटा नव्हता. मोरचूद आणि चुना कालवून ते हातपंपाने आपल्या झाडांवर फवारत. त्या निळ्या पाण्याने त्यांची बनियन, चष्मा आणि मिशासुद्धा निळसर झालेल्या असत. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले, तरी जिलबी वाढणाऱ्याला थांबवून ते फांद्या कशा छाटाव्यात ते सांगत. लोक त्यांना टाळत, आणि खरं सांगायचं तर घाईत असले की मीही टाळत असे.

पण मे महिन्यात त्यांना टाळणं कठीण होई. गवतात घातलेले आंबे उघडले की देठापाशी एक तपकिरी ठिपका दिसे. संध्याकाळी तो रुपयाएवढा होई, दुसऱ्या दिवशी अर्धं फळ मऊ पडे, आणि त्याला टेकलेल्या फळालाही डाग लागे. एका उन्हाळ्यात तर तावड्यांकडे करंड्याच्या करंड्या उकिरड्यावर गेल्या. सगळ्या आळीत आंबूस, गोडसर, मळमळायला लावणारा वास कोंदला. त्याच सुमारास दलाल येऊन कुंपणाबाहेरून जमिनी न्याहाळू लागले. पलीकडची एक वाडी विकली गेली आणि तिथली झाडं दिवसभर कुऱ्हाडीखाली पडत राहिली. तावडे ओट्यावर बसून तो आवाज ऐकत होते. म्हणाले, "आणखी एक साल असाच गेला, तर मीय देऊन टाकतलंय." मामा माझ्या शेजारीच उभे होते. ते मान वर करून झाडांचे शेंडे न्याहाळू लागले.

आता अडचण होती ती एका जुन्या रिवाजाची. सखाराम तावडेही मामांच्याच मुलखातले. त्यांच्या वाडीच्या कोपऱ्यात एक जुनं पायरी आंब्याचं झाड होतं आणि त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला राखणदाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाचा, दगड. आंबे उतरवताना प्रत्येक झाडावर शेंड्याकडची चार फळं राखणदारासाठी ठेवायची, त्यांना माणसाने हात लावायचा नाही, ही त्यांची गावाकडून आणलेली रीत. आळीतल्या बाकीच्या वाड्याही कोकणच्याच माणसांच्या, तेव्हा रीत सगळीकडे तीच. पूर्वी ती फळं पाखरं खात नाहीतर पावसात गळून जात. रोग आल्यापासून ती काळी होऊन झाडावरच वाळत आणि थंडीत मोहोर येईपर्यंत त्याच्या डोक्यावर लटकत राहत. "वर लटकतंय ना, ते पुढच्या सालाचं मरण आहे," मामा म्हणायचे. मामा चोरायचे ती हीच राखणीची फळं, आकडी पोचेल तेवढी.

चोरलेली फळं ते आपल्या वाडीत खड्डा करून तिन्हीसांजेला जाळत. वारा पडतो म्हणून तिन्हीसांज, एवढंच कारण. पण लोकांना दिसे ते असं, की परब देवाच्या वाट्याची फळं पळवतो आणि दिवेलागणीला एकटाच बसून जाळतो. आळीत कुजबूज सुरू झाली. अशात तावड्यांचा नातू विषमज्वराने अंथरुणाला खिळला. पोर वाचलं, पण आजारात त्याची आजी आमच्या ओट्यावर येऊन रडत म्हणाली, "परबान करणी केल्यान गे." मी तिला पाण्यातून येणाऱ्या तापाबद्दल सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि मामांच्या घराकडे पाहून बोटं मोडली. त्यानंतर मामींना विहिरीवर कोणी आपल्या शेजारी कळशी ठेवू देईना. मामी म्हणजे मामांच्या अगदी उलट, दिवसात दहा वाक्यं बोलणारी बाई. त्या लांब उभ्या राहून सगळ्यांचं पाणी भरून होण्याची वाट बघत. मला त्या बायकांचा संताप येई.

शेतकी खात्याचा एक साहेब मामांनी अर्ज करकरून बोलावला. त्याने झाडं बघितली, परब सांगतात ते बरोबर आहे म्हणाला, चहा घेतला आणि निघून गेला. तावड्यांनी त्यालाही नमस्कार केला आणि फळं तशीच ठेवली.

शेवटी मार्गशीर्षात, मोहोराचे डोळे फुगायला लागले तेव्हा, मामा सरळ तावड्यांच्या अंगणात जाऊन बसले. रविवार होता, म्हणून मीही मामींबरोबर ओट्याच्या पायरीशी उभी होते. आळीतले सगळे वाडीवाले जमले.

"परबा, ती फळां आमची नाय, त्येची," तावडे म्हणाले. "तू त्येच्या ताटातला काढतंस."

"ताटातला?" मामा उसळले. "सखाराम, तुझ्या घराक पावणो इलो तर त्येका कुजको आंबो वाढशीत? मगे जो वर्सभर वाडी राखता, त्येका कुजका खावक घालतास, लाज वाटणा नाय?"

या बाजूने कोणी विचारच केला नव्हता. तावडे बराच वेळ सुपारी कातरत राहिले आणि मग हसले. ठरलं असं, की राखणदाराला नारळ आणि कोंबडा देऊन माफी मागायची आणि सगळ्या वाड्यांतली वाळकी फळं उतरवायची. "पण काढतलो तू एकटो," तावडे म्हणाले. "आमचो हात लागूचो नाय." मामांनी मान डोलावली. घरी परतताना ते लष्करातल्या कवायतीसारखी पावलं टाकत होते, आणि मला वाटलं, सुटलो एकदाचे.

पुढचं मी शाळेतून आल्यावर ऐकलं. नारळ झाला, कोंबडा झाला. मामांनी सुरुवात कोपऱ्यातल्या पायरीपासून केली, कारण सगळ्यांना भीती त्याच झाडाची. आकडी शेंड्याला पोचेना, म्हणून शिडी लावली. खाली पाचोळा भुसभुशीत आणि दवाने ओला. वाडीवाले सगळे हजर होते, पण लांब, हात पाठीमागे बांधून. शिडीला हात लावला तर फळ काढण्यात आपलाही वाटा झाला, अशी प्रत्येकाच्या मनात भीती. मामांनी एकदा खाली बघून "धरा रे कोणीतरी" म्हटलं, असं काहीजण सांगतात. काहीजण म्हणतात, ते काहीच बोलले नाहीत. शिडी सरकली आणि मामा राखणदाराच्या दगडाशेजारी पाठीवर आपटले.

इस्पितळात ते थोडेच दिवस होते. कमरेखाली काही कळत नव्हतं. मी गेले तेव्हा त्यांना आपल्या कमरेचं पडलेलं नव्हतं. "मास्तरणी, मोहोर कुठवर आला?" हाच प्रश्न. मोहोराचे डोळे फुटले, असं मी सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "म्हणजे आता दिवस नाहीत. शेंड्याचं एकही फळ निघालं नाही गं. एकही नाही." त्या माणसाच्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलं नव्हतं.

मामा गेले, आणि आळीचा निकाल लागला. राखणदाराने परबाला नेलं. आता कोणी ते बोलूनही दाखवत नव्हतं, इतकं ते सगळ्यांना पटलं होतं. पडलेली शिडी उचलायलाही कोणी त्या झाडाखाली गेलं नाही. शेंड्यांवर काळी फळं तशीच लोंबत होती आणि त्यांच्या भोवती नवा, कोवळा, तांबूस मोहोर वर येत होता. एवढा सुंदर मोहोर बघून मला भीती वाटली, ती त्याच वर्षी. दलाल दोनदा तावड्यांच्या अंगणात बसून गेला.

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आमच्या दारात उभ्या राहिल्या. कपाळ मोकळं, लुगड्याचा काष्टा कसलेला, हातात मामांची आकडी. "चल गं," म्हणाल्या. कुठे, ते मी विचारलं नाही.

तावड्यांच्या वाडीत शिरून मामींनी स्वतः ती शिडी उचलली आणि पायरीला लावली. पाय ठेवून हलवून पाहिली. मी धरायला पुढे झाले, तशा त्या एकदम खेकसल्या, "तू नको! तुझं कुंकू आहे. लांब हो." मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी मी येते म्हणाले होते धरायला. तर ह्यांनी मला घरात बसवलं. म्हणाले, त्याचा दोष तुला नको." राखणदाराला सडकं वाढता म्हणून सगळ्यांना तोंडावर सुनावणारे मामा स्वतः त्याला भीत होते, आणि भीत भीत शिडी चढले होते. हे मला कधी सुचलं नव्हतं.

तोवर आळी गोळा झाली होती. तावड्यांची बायको ओरडली, "वयनी, उतर गे, कोपात तो!"

मामी शिडीच्या पहिल्या पायरीवर होत्या. त्यांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं. विहिरीवर ज्या बायका त्यांना कळशी ठेवू देत नव्हत्या, त्या सगळ्या होत्या.

"कोपून काय करतलो?" त्या म्हणाल्या. "माझा न्हेवचा होता ता न्हेल्यान त्येणी. तुमच्याकडे घोव आसत, पोरां आसत, तुमी भियात. माका आता कसला भय?"

आणि त्या चढू लागल्या. शिडी पाचोळ्यात करकरली. मामी थांबल्या, तोल सावरला, पुन्हा चढू लागल्या. कोणी हललं नाही. मग तावडे पुढे आले. नातू त्यांच्या धोतराला धरून उभा होता, त्याचा हात त्यांनी सोडवून बायकोच्या हातात दिला. झाडाखाली आले, दगडाला हात जोडले आणि शिडीचे दोन्ही खांब छातीशी कवटाळले.

मामींनी वरून खाली बघितलं.

"घट्ट धरा, भावजी," त्या म्हणाल्या. "तेंच्या वेळी कोणी धरूक नाय."