दिसू नये असा रंग

माझ्या आत्याचा राग लोकांना लवकर कळत नसे. ती ओरडायची नाही, भांडी आपटायची नाही. राग आला की ती हाताला लागेल ती वस्तू पुसायला घ्यायची. कपबशी असो, खिडकीची कडी असो, जिन्याचा कठडा असो. पुसून पुसून वस्तू लखलखायला लागली की घरात सगळ्यांनी समजायचं, आज कुणाचं तरी काही खरं नाही. मी शिवण शिकायला तिच्याकडे राहिले होते, त्या दिवसांत आमच्या घरात धुळीचा कण सापडला नसता.

आत्या चष्म्याच्या दुकानात काम करायची. दारातून आत गेलं की डाव्या हाताला मोठा आरसा, आरशाशेजारी तिची खुर्ची. गिऱ्हाईक समोर बसलं की ती फ्रेमच्या काड्या जराशा गरम करून वाकवायची, हलक्या हाताने कानामागे बसवायची आणि म्हणायची, "आता खाली बघा. आता माझ्याकडे बघा." माणसं आरशात बघायच्या आधी तिच्या डोळ्यांत बघायची. तिथे हसू दिसलं तर फ्रेम पसंत. तिने नुसती मान हलवली तर निमूट काढून ठेवायची.

ते डोळे काही देखणे नव्हते. पापण्या जड, कडांना काळसर झाक. आमच्या घराण्यात सगळ्यांचेच तसे. झोप झालेली असो वा नसो, आम्ही कायम जागरण करून आल्यासारखे दिसतो.

ती खुर्ची तिला आयती मिळालेली नव्हती. तरुणपण तिने मागच्या खोलीत काढलं होतं, जिथे काचा घासतात. खिडकी नाही, चाकाची किरकिर थांबायची नाही, थंड पाणी बाह्यांतून कोपरापर्यंत उतरायचं. एकदा चष्म्याला घाबरून रडणारं एक पोर तिने बोलता बोलता हसवलं. ते म्हाताऱ्या मालकांनी पाहिलं आणि स्वतः हाताला धरून तिला पुढे आणून बसवलं. आत्याला कुणी विचारलं असतं, आयुष्यात काय मिळवलंस, तर तिने त्या खुर्चीकडे बोट दाखवलं असतं.

पुढे म्हातारे मालक गुडघ्यांनी घरी बसले आणि दुकान त्यांच्या सूनबाईंनी हातात घेतलं. त्यांनी भिंती रंगवल्या, फळ्या बदलल्या, आरशावर पिवळे दिवे लावले. मग त्यांची नजर आत्याकडे वळली.

"ताई, राग मानू नका हं," सूनबाई म्हणाल्या, "पण तुमचे डोळे फार थकलेले दिसतात. गिऱ्हाईकाला वाटायचं, आपल्याच चष्म्याने हे असं होतं."

"वहिनी, माझे डोळे जन्मापासून असेच आहेत."

"म्हणून तर म्हणते. थोडं आयशॅडो लावत जा. भडक नको, न्यूट्रल शेड घ्या, रोजच्या वापराची. लावलंय हे दिसूसुद्धा नये, पण चेहरा ताजा वाटावा." त्यांनी एक चपटी डबी काउंटरवर सरकवली. "नाहीच जमलं तर मागे बघू काहीतरी. तिथे चेहरा कोण बघतंय!"

आत्याची तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन तिने आधी चहाची गाळणी पुसली, मग डबी उघडली.

आता अडचण अशी, की आत्याला जवळचं दिसत नव्हतं. चष्मा लावला तर पापणीला रंग लावता येईना, काढला तर पापणीच दिसेना. ही अडचण तिने मागच्या खोलीतल्या काचवाल्याला सांगितली. त्याने एक जुनी गोल फ्रेम घेतली, तिला एकाच बाजूला काच बसवली, दुसरी बाजू मोकळी ठेवली. काचेतून एका डोळ्याने बघायचं, मोकळ्या बाजूने दुसऱ्याला रंगवायचं. मग फ्रेम उलटी करून घालायची, की काच दुसऱ्या डोळ्यावर.

"घे तुझा काणा चष्मा," काचवाला म्हणाला. "आणि वहिनींना सांग, रंगवायचंच असेल तर आधी माझी खोली रंगवा म्हणावं."

डबीत चार चौकोन होते. पहिला लावला, तर किल्ल्या बनवणारे आमचे आतोबा कामावरून आले आणि दारातच थबकले.

"पिठाच्या गिरणीतून आलीस का गं?"

दुसरा इतका चमकत होता, की मान हलवली की मासा उलटल्यासारखा वाटे. तिसरा राखाडी. तो लावून आत्या आजारातून उठल्यासारखी दिसायला लागली. पहिल्या चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, त्वचेचा रंग.

"कुणाच्या त्वचेचा?" आत्या म्हणाली. "ज्याने ही डबी बनवली, त्याने आपल्यासारखं माणूस कधी जवळून बघितलंच नाही. आणि आपण मात्र त्याच्यासारखं दिसायचं!"

उरला चौथा. जांभळट झाकेचा तपकिरी. तो तिने दुसऱ्या दिवशी दुकानातल्या आरशासमोर लावून बघितला. चूक झाली ती इथे. चष्म्याच्या दुकानातल्या माणसांचा जगात फक्त त्या एका आरशावर विश्वास असतो. घरचा आरसा खोटा, खिडकीची काच खोटी, दुकानातला आरसा म्हणेल ते खरं. पिवळ्या दिव्यांखाली त्या रंगातला जांभळेपणा पार बुडून गेला. उरला तो मऊ, नीटस तपकिरी.

"बघा!" सूनबाई म्हणाल्या. "किती फरक पडला!"

आत्या त्या दिवसापासून रोज तो रंग लावू लागली. आमच्या घरातला आरसा बोळवजा जागेत टांगलेला, तिथे दिवसाही अंधार. हात सवयीने चालायचा. रंग लावून ती जिना उतरायची आणि उन्हात निघायची. बसमध्ये कंडक्टरीणबाई तिला न मागता जागा करून द्यायला लागल्या. फुलवाली तिच्याशी हळू आवाजात बोलायला लागली. आत्या म्हणाली, "रंगाने माणसं बरी वागायला लागली बाई."

मग एका दुपारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, आतोबा जेवायच्या आधीच घरी आले. आमचे आतोबा म्हणजे असा माणूस, की झुरळसुद्धा दार उघडून बाहेर सोडतील. चेहरा पार उतरलेला.

"खालच्या मजल्यावरच्या बाईने दुसरी बनवायला दिलेली नमुन्याची किल्ली परत नेली," ते म्हणाले. "चार लोकांसमोर म्हणाली, बायकोवर हात टाकणाऱ्याला मी माझ्या घराची किल्ली देणार नाही. मी कधी गं तुझ्यावर हात टाकला?"

आत्या काणा चष्मा घेऊन खिडकीशी उन्हात गेली, हातआरसा धरला. आधी एक डोळा बघितला, फ्रेम उलटी केली, मग दुसरा. दोन्ही पापण्यांवर जुना मुका मार बसल्यासारखा जांभळा डाग पसरला होता. मला हसू आलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

"सासूबाई वर्षभर अंथरुणाला खिळल्या होत्या," ती म्हणाली, "तेव्हा हे डोळे खरंच सुजायचे. तेव्हा कुणी जागा दिली बसमध्ये? या जिन्यात एकाने तरी विचारलं? खऱ्याला कुणी विचारत नाही, आणि रंगाची कीव करायला सगळे हजर!"

ओलं फडकं घेऊन ती तशीच खाली गेली. मी मागोमाग. खालच्या बाईने दार उघडलं. आत्याने तिच्यासमोर उंबऱ्यावर उभं राहून दोन्ही पापण्या खसाखसा पुसल्या आणि फडकं तिच्या नाकासमोर धरलं.

"हा बघ मार. गेला. आता किल्ली यांच्याकडे पोचव."

"अगं बाई, मला वाटलं..."

"वाटलं तर मला विचारायचं होतंस. त्यांना चारचौघांत का बोललीस?"

खालची बाई मग म्हणाली, "तुला विचारलं असतं तर काय सांगितलं असतंस? पडले म्हणाली असतीस. मीही तेच सांगायची."

आत्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. एवढ्या वर्षांत त्या बाईने ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. आत्याचा राग उतरला नाही, पण तिथून उठून दुसरीकडे गेला. वर आल्यावर तिने आख्खा कठडा पुसून काढला. संध्याकाळी किल्ली आतोबांच्या टपरीवर पोचली.

त्याच दुपारी, उन्हं उतरायच्या आत, मला घेऊन आत्या सौंदर्यप्रसाधनांच्या मोठ्या दुकानात गेली. तिथेही आरशाभोवती दिव्यांची माळ. आत्याने दिव्यांकडे असं बघितलं, जसं एखाद्या लबाड नातेवाइकाकडे बघावं. विक्रेत्या मुलीकडून तिने मनगटाच्या आतल्या, ऊन न लागलेल्या बाजूला रंगाची एकेक रेघ ओढून घेतली आणि दर रेघेला रस्त्यावर जाऊन बघून आली.

"काकू, माल बाहेर नेऊ नका हो!"

"माल नाही नेत. हात नेतेय. तो माझाच आहे."

वाळूसारखा, मोत्यासारखा, दुधाच्या सायीसारखा, सगळे रंग उन्हात उघडे पडले. कोणी पांढरट, कोणी गुलाबी, कोणी मातकट. मुलीने शेवटी कंटाळून सगळ्यात खालच्या कप्प्यातून एक डबी काढली. न चमकणारा, जुन्या विटेसारखा तपकिरी. "हा कुणी घेत नाही," ती म्हणाली. आत्याने रेघ ओढली, बाहेर गेली आणि मला हाक मारली.

"रेघ कुठे आहे सांग."

मला सापडेना.

डबी विकत घेऊन, तिथेच पायरीवर बसून, हातआरसा धरून, काणा चष्मा लावून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत तिने तो पापण्यांवर लावला. काळसर झाक तेवढी मिटली. डोळे तेच, फक्त पोटभर झोपून उठल्यासारखे.

सोमवारी मी तिचा विसरलेला डबा द्यायला दुकानात गेले, तेव्हा समोर एक म्हातारे गृहस्थ नवी फ्रेम घालून बसले होते आणि सूनबाई तिच्या खुर्चीशी उभ्या होत्या.

"ताई, आज लावलं नाहीत?"

"लावलंय."

"कुठे दिसतंय? माझी मस्करी करता का? मी मागच्या खोलीत स्टूल टाकायला सांगितलंय, उगाच नाही."

आत्याने काचा पुसायचं पांढरं शुभ्र कापड उचललं. एक पापणी हळूच पुसली आणि ते कापड काउंटरच्या काचेवर पसरलं. त्यावर विटकरी तपकिरी डाग.

"हे काय आहे मग?"

म्हातारे गृहस्थ नव्या चष्म्यातून तिच्याकडे टक लावून बघत होते. म्हणाले, "बाई, तुमचा हा एक डोळा दमलेला दिसतोय हो."

"दोन्ही दमलेत, बाबा," आत्या म्हणाली. "काम करतात ते." मग सूनबाईंकडे वळली. "दिसू नये म्हणालात, दिसत नाही. ताजं वाटावं म्हणालात, ते यांनी सांगितलं. आता मी कुठे बसायचं, तेवढं सांगा. पण दिवे न लावता सांगा."

सूनबाईंचं तोंड लाल झालं. काही बोलायच्या आतच म्हातारे गृहस्थ करवादले, "त्यांना आधी माझी काडी नीट करू द्या. कानाला टोचतेय."

"बसा," सूनबाई म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

आत्या बसली. कापडाची घडी केली, डाग वर ठेवून आरशाखाली ठेवली. मग काडी गरम करायला घेतली. "आता खाली बघा," ती म्हणाली. "आता माझ्याकडे बघा."

ती खुर्ची अजून तिचीच आहे. कधी ती रंग लावून जाते, कधी मुद्दाम न लावता. सूनबाई रोज सकाळी तिच्या पापण्यांकडे निरखून बघतात आणि त्यांना काही केल्या कळत नाही. विचारायची हिंमत होत नाही. आत्याही सांगत नाही. ती समोरच्या काउंटरची काच पुसत राहते, आणि ती काच अजून अशी लखलखते, की रस्त्यावरूनसुद्धा दिसते.