गोंदातला बुडबुडा

दुकानातले केरळी कोयाचाचा धावून आले, म्हणून मस्कतमधली माझी नोकरी वाचली. गिऱ्हाइकाच्या कयाकला, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या प्लास्टिकच्या होडीला, मासे शोधायचं यंत्र बसवताना त्याचा ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडून त्याचा पडसाद टिपणारा भाग, मी आतून तळाला चिकटवला, तर पाण्यात यंत्राचा पडदा कोराच. मालक ओरडले, "शाळा सोडलीस, आता नोकरी सोड आणि गाव गाठ!"

चाचांनी ट्रान्सड्यूसर उपटला. "अरे बेटा, गोंदात बुडबुडा राहिलाय. आवाज प्लास्टिकातून जातो, पाण्यातून जातो, पण हवेपाशी अडतो."

दाबून पुन्हा बसवला आणि पडद्यावर समुद्राचा तळ उमटला. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. फोनवर मी "मजेत आहे" म्हटलं, की आई गप्प होते. मधे असाच बुडबुडा मीच ठेवतोय का?

चाचा, तुम्ही माझी नोकरी वाचवलीत; केरळात तुमच्या भावाची होडी आहे ना, तिला हे यंत्र एक दिवस मी येऊन बसवून देईन.