घंटीतला कापूस

शामराव तायडे गेल्याची बातमी मला धारणीच्या एसटीच्या कंडक्टरने दिली. अमरावतीच्या स्टँडवर मी अंजनगावच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. तो मला ओळखत होता, कारण शामरावांना, म्हणजे आमच्या भाऊंना, धारणीला पाठवायची औषधं, कधी एखादं पुस्तक मी त्याच्याच हाती देत असे. "तुमचे तायडेबाबू गेले न, सर," तो म्हणाला. "तापानं. बारा दिवस झाले आज. तुमाले कोनी सांगतलं नाही?" मला कोणी सांगितलं नव्हतं... पुण्यानुमोदनाचा कार्यक्रमही होऊन गेला होता. मी अंजनगावला गेलो नाही. स्टँडवरच्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो आणि मग घरी परतलो.

भाऊंची माझी ओळख अकोल्याची. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी बी.एस्सी. होऊन पिकांच्या आकडेवारीच्या एका सरकारी कचेरीत गणक म्हणून लागलो होतो. माझे वडील पानमळ्यात मजुरी करत. आमच्या घरात माझ्याआधी चौथीपुढे कोणी गेलं नव्हतं. नोकरीचा हुकूम आला तेव्हा वडिलांनी तो घडी करून टोपीत ठेवला आणि दिसेल त्याला काढून दाखवला. असा मी अकोल्यात उतरलो, तर राहायला जागा नाही, ओळखीचं कोणी नाही. भाऊ त्याच कचेरीत गणक होते. मॅट्रिक नापास, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझी पेटी सायकलला बांधली. "चाल गड्या. घर लहान हाय, पन भाकर मोठी असते आमच्या इथं." सुमनवैनींच्या हातचं मी दोन महिने जेवलो. कोणाच्या घरी जेवतो हे गावी कळलं तेव्हा आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही. पुढे भाऊंनीच मला खोली शोधून दिली.

कचेरीत आकडेमोडीची दोन यंत्रं होती, लोखंडी, हाताने दांडा फिरवायची. खिट्या सरकवून आकडा लावायचा, दांडा फिरवायचा, की उत्तर खिडक्यांत उमटायचं. खिडक्या तेरा. उत्तर चौदा आकडी झालं तर पहिल्या आकड्याला उमटायला जागाच नसे. तो नाहीसा व्हायचा आणि बाकीचे तेरा, काही झालंच नाही असे, जागच्या जागी बसून राहायचे. फक्त त्या क्षणी आतली बारीक घंटी टिण् करून वाजायची. पूर्वी वजनं पौंडांत होती तेव्हा ती घंटी वर्ष वर्ष वाजत नसे म्हणे. आता मेट्रिक मापं आली, वेचणीच्या कापसाची वजनं ग्रॅममध्ये येऊ लागली आणि आकडे फुगले. फसवी गोष्ट ही, की शेवटचं उत्तर लहानच असे. मोठा असे तो वाटेतला आकडा. दोनशे शेतांतल्या वजनांची बेरीज करायची, तिचा वर्ग करायचा आणि त्याला दोनशेंनी भागायचं. भागाकार खिडक्यांत आरामात मावायचा. त्याआधीचा वर्ग मावत नसे.

माझ्या यंत्राची घंटी रोज वाजू लागली. ती वाजली की भाऊ स्वतःचं काम टाकून उठून यायचे. "काहून मशीनच्या जिवावर उठला? आधी हरेक वजनातून वीस हजार कमी करून घे न. एका शेतात न दुसऱ्या शेतात जो फरक हाय तो तेवढाच राह्यते, अन् आकडा लहान होते. आपल्याले फरकच पाह्यजे हाय, वजन नाही पाह्यजे." हीच रीत मी कॉलेजात पुस्तकातून शिकलो होतो. पण दोनशे वजाबाक्या हाताने करायच्या म्हणजे अर्धा दिवस जायचा, आणि मला माझा वेग दाखवायचा होता. शिवाय घंटी वाजली की समोरच्या टेबलांवरून आवाज यायचा, "चला पोट्टेहो, शाळा सुटली! ग्रॅज्युएटनं घंटी देल्ली!" सगळे हसायचे. भाऊही हसायचे, पण त्यांचं हसणं झोंबत नसे... बाकीच्यांचं झोंबे. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी यंत्राचं मागचं झाकण काढलं आणि नमुन्याच्या पिशवीतला चिमूटभर कापूस घंटीच्या वाटीत बसवला. माझा बेत असा होता, की खिडक्यांवर मी स्वतःच नजर ठेवीन. चार दिवस ठेवलीही. पुढे नाही. "सुधरला बरं ग्रॅज्युएट," लोक म्हणाले आणि मला ते आवडलं.

कचेरीचा नियम होता, की एकाने केलेला प्रत्येक तक्ता दुसऱ्याने नव्याने करून पाहायचा. खाली दोन सह्या, 'केले' आणि 'तपासले'. त्या आठवड्यात भाऊंचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं आणि हंगामाचा मोठा तक्ता दुपारच्या टपालाने जायचा होता. मी तो घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो.

"म्या दोन डाव केला, भाऊ. दोन्ही डाव तेच उत्तर आलं."

"घंटी वाजली होती काय?"

"नाही."

त्यांनी सही केली.

तीन आठवड्यांनी वरच्या कचेरीचं पत्र आलं. आमच्या तक्त्यावरून शेताशेतांतला फरक इतका अफाट दिसत होता, की सगळ्या हंगामाची वजनंच भरवशाची नाहीत असा निष्कर्ष निघाला असता. गावोगाव उन्हात उभं राहून केलेली मापणी रद्द झाली असती. तिथे कोणीतरी पुन्हा गणित केलं म्हणून चूक सापडली. एका वर्गातला पहिला आकडा गळाला होता. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. मी परिविक्षेवर होतो, नोकरी पक्की व्हायची होती, आणि डोळ्यांपुढे वडिलांची टोपी होती. मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाले, "तपासनी माही होती, साहेब. नवा मानूस चुकनच. पाहाचं काम माहं होतं." मी गप्प राहिलो. एवढंच. मी काहीही केलं नाही, गप्प राहिलो. दुपारी ते चहाला गेले तेव्हा झाकण काढून कापूस काढला. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता माझं यंत्र टिण् करून वाजलं. किती महिन्यांनी! सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. भाऊंनी मान वर केली नाही. त्यांना काही कळलं नसेल, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आलो.

अमरावतीला वरिष्ठ गणकाच्या जागेवर भाऊंची नेमणूक जवळजवळ ठरली होती. वैनींनी तिथे खोली पाहून ठेवली होती, मुलीच्या, कमलच्या शाळेचीही चौकशी करून ठेवली होती. ती नेमणूक रद्द झाली आणि भाऊंची बदली धारणीला झाली. तिथे तेव्हा कमलच्या पुढच्या वर्गाची सोय नव्हती. ती दोन वर्षं घरी बसली. अमरावतीची जागा वर्षभराने भरली... ती मला मिळाली. पदवीधर म्हणून. भाऊंचं अभिनंदनाचं पत्र आलं होतं. मी उत्तरात आभार मानले आणि पुढे औषधं पाठवत राहिलो.

बातमी कळल्यानंतरच्या रविवारी मी धारणीला गेलो. वैनी दारातच बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, कापसासकट. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे मले काहून सांगून राहिले, भाऊजी? त्याईले सांगाचं होतं न."

मी पायरीवर बसलो तेव्हा त्या पुढे सांगू लागल्या.

"इथं आल्यापासून लोक वैतागत त्याईच्यावर. फॉरेस्टवाले, दवाखान्यातले, आकड्याईचे कागद घेऊन येत. म्हनत, तायडेबाबू, सही मारा न, बस निघून राहिली. हे म्हनत, जाऊ द्या बस. पयलेपासून शेवटलोक मोजत, मंगच सही. अकोल्याले असे नव्हते हो. अकोल्याले हसत, सही करत... मी म्हनो, तुमाले कोनावर भरोसाच नाही राह्यला. तं काही बोलत नव्हते."

आत कमल उभी होती. आता ती अध्यापिका विद्यालयात शिकते. तिला ऑफिसातल्या कोणीतरी कधी म्हटलं होतं म्हणे, की तुझ्या बाबांना निष्काळजीपणापायी इकडे टाकलं. वैनींनी तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुमी शिकलेले. पेपरात लिहिता. तं लिहा न, चूक कोनाची होती ते. नावासकट लिहा."

म्हणून हे माझ्या नावाने लिहिलं. लिहून कचेरीतही, भाऊंवरचा ठपका काढावा म्हणून, एक अर्ज दिला. इतकी जुनी कागदपत्रं आता नष्ट केली जातात, असं उत्तर आलं. भाऊंच्या सेवापुस्तकात मात्र ठपक्याची ओळ आहे तशीच आहे.

हा लेख छापायला देण्याआधी धारणीला वाचायला पाठवला होता. आठ दिवसांनी त्याच कंडक्टरच्या हाती परत आला. सोबत चिठ्ठी नव्हती. पण प्रत्येक वाक्यापुढे समासात पेन्सिलीची बारीक खूण होती. कमलने ओळन् ओळ तपासली होती. ती एक वर्ष घरी बसली असं मी लिहिलं होतं, तिथे 'एक' खोडून 'दोन' केलं होतं. शेवटी मी लिहिलं होतं, की भाऊंनी मला मनातून माफ केलं असेल. ते वाक्य तिने खोडलं नव्हतं. त्याच्यापुढे खूणही केली नव्हती. ते मी काढून टाकलं आहे.