'येते' म्हणायचं नाही

किमोनंतर तोंडाला चव नाही, एवढंच मी परवा आमच्या कॅन्सरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं. झालं! हळद, गव्हांकुर, पपईची पानं, कुणाच्या मावशीचा वैद्य, सगळे धावून आले. माया असते त्यात, नाही असं नाही. पण मायेनेही जीव गुदमरतो. हल्ली मी वाचत नाही, अंगठ्याने नुसतं वर सरकवत राहते.

आज सकाळी मात्र अंगठा थांबला. नलूताईंचे उपचार संपले होते. त्यांनी लिहिलं होतं, "आता ग्रुप सोडते. सगळ्यांनी फार केलंत. येते हं."

निघताना 'जाते' म्हणू नये, हे आपल्या हाडीमाशी खिळलेलं. पण ग्रुप सांभाळणाऱ्या शिंदेबाईंनी लगेच टोकलं, "नलू, इथे 'येते' म्हणायचं नाही. 'जाते' म्हण."

मग कुणी काढा सुचवला नाही, कुणी काही फॉरवर्ड केलं नाही. एवढा बोलघेवडा ग्रुप, पण सगळे नुसते वाट बघत होते. शेवटी नलूताईंचा एकच शब्द उमटला, "जाते."

फोन ठेवून मीही तो शब्द हळूच म्हणून पाहिला. कितीतरी दिवसांनी तोंडाला चव आली.