साताऱ्याचं इंजिन, सांगलीचा पंप

लढाईच्या दिवसांत इंजिन आणि पंप नवे, एकाच ठिकाणी मिळणं अवघड होतं. म्हणून मी इंजिन साताऱ्याच्या एका बंद पडलेल्या तेलाच्या गिरणीतून आणलं आणि पंप सांगलीच्या जुन्या बाजारातून. दोन्ही चालू होते. ते एकमेकांशी जुळतील का, हा प्रश्न मला पडलाच नाही. उलट, ते विहिरीवर चुन्यात पक्के बसवायच्या आधीच मी वडिलांना गळ घालून मोटेचे बैल विकायला लावले.

इंजिन सुरू झालं, चामडी पट्ट्यानं पंप फिरला, पाणी मात्र येईना. पंपात पाणी भरून पुन्हा चालवलं, तर पाइपातून चूळ टाकल्यासारखं थोडं आलं आणि थांबलं. चैत्राचं ऊन होतं. उसाची पानं सुरळी व्हायला लागली होती.

बांधावरून चुलते म्हणाले, "लय गरजतंय गड्या. पडणार कवा?"

वडील माझ्याकडं न बघता उसाकडं चालू लागले. ते मला जास्त लागलं. ऊस वाळला असता तर तो माझ्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी पंपावरचं मेण झालेलं तेल पुसताना बिडाच्या ओतीव अंगावर उठवलेला, फिरायची दिशा दाखवणारा बाण दिसला. पंप उलटा फिरत होता. चुना फोडून इंजिन वळवायचं म्हणजे आठवडा गेला असता, आणि ऊस तेवढा थांबला नसता. मग त्या गिरणीतला एक पट्टा आठवला. मध्ये पीळ देऊन चढवलेला. त्यानं पुढचं चाक उलट्या बाजूला फिरायचं.

पीळ दिला, तर आमचा पट्टा वीतभर कमी पडला.

"मोटंचं कातडं चालंल का?" वडिलांनी विचारलं.

"चालंल, आबा. पर मोट कापाय लागंल."

"बैल न्हाईत. मोट काय डोस्क्यावर घिऊ?"

त्यांनी स्वतः कातडं कापलं आणि आरीनं टाके घातले. माझ्याच्यानं तिकडं बघवत नव्हतं. आता मागं फिरायची सोयच उरली नव्हती.

इंजिन चालू केलं. शिवणीचा टपटप आवाज येत राहिला, आणि पाइपातून मनगटाएवढी नव्हे, मांडीएवढी धार पडली. मी तिथंच ओल्यात बसलो.

"बसलास काय रं?" वडील पाटाकडं चालत म्हणाले. "तिकडं बांध फुटतोय. खोरं घे."

मी उठलो. ते रागावून बोलले होते, तरी दोन दिवसांत प्रथमच त्यांनी मला काम सांगितलं होतं.