टोपणावरचं नाव

शिसवाचं लाकूड घासताना वास सुटला की मला आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यातलं ते पेनांचं दुकान आठवतं. परदेशी माल तेव्हा नुकता येऊ लागला होता. आईनं घरी घडवलेलं, पितळी तारेची वेल बसवलेलं पेन दुकानदारानं कौतुकानं निरखलं.

"बेन, टोपणावर एखादं विलायती नाव घाला. सगळी पेनं ठेवून घेतो."

दोन दिवसांनी आईनं तेच पेन पुन्हा त्याच्यासमोर ठेवलं. टोपणावर पितळी अक्षरं होती: बडोदे.

"हे कोण घेणार, बेन?" तो हसला.

"कोणी नाही घेतलं तर माझी लेक लिहील," म्हणत आईनं पेन उचललं.

हातचं गिऱ्हाईक घालवलं म्हणून मी रागानं घरापर्यंत तिच्या पुढे पुढे चालत राहिले. आता मीही पेनं घडवते. विलायती नाव मागणारे अजून येतात. आईचं पेन त्यांच्या हातात देऊन मी म्हणते, "आधी हे वाचा."