राजेसाहेबांच्या मनगटावरचा दोरा

"वरती पावलं वाजत नाहीत गं सकाळपासून..." आईचा फोन आला तेव्हा मी सिकंदराबादला ऑफिसात होते. तेवढ्यावरून मला कळलं. राजेसाहेब गेले. आमच्या तारनाक्याच्या घरात छतावर त्यांची पावलं इतकी वर्षं वाजत होती, की ती थांबतील असं कधी मनातच आलं नव्हतं. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. या माणसाला खुर्चीला पाठ टेकून बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

ते लाओसचे राजकुमार. धाकट्या पातीचे, पण राजघराण्यातलेच. तिथे भावाभावांत तट पडले, तेव्हा सगळ्यांना एका चटईवर बसवीन म्हणत ते राजकारणात शिरले, मंत्री झाले. मग राज्यच उलटलं, आणि ते एका होडीतून मेकाँग नदी ओलांडून बाहेर पडले. काही वर्षं पॅरिसला काढली, मग फ्रेंच शिकवायला हैदराबादला आले आणि आमच्या वरच्या पोर्शनमध्ये राहिले. आल्या दिवशीच आईनं कपाट देऊ केलं. "नक्को भाभी, अगले महिने जातूं मैं," ते म्हणाले. मंत्रिमंडळात कसं बोलत असतील देव जाणे, हिंदी मात्र ते सुलतान बाजारात शिकले होते. कपडे शेवटपर्यंत बॅगेतच राहिले. बाजारात सगळे त्यांना 'नेपाली साब' म्हणत. आधी ते एकेकाला नकाशा समजावायचे, मग नाद सोडला. आमच्याकडे भात गिजगोळा झाला की आई ओशाळायची आणि हे खूश व्हायचे. त्यांच्या देशात भात चिकटच लागतो, बोटांनी गोळा करून खायचा. त्यामुळे आमचा बिघडलेला भात निमूट वर जायचा.

मग ती सगळं खुलं होण्याची वर्षं आली. गल्लीत एसटीडी बूथ आला, गच्च्यांवर डिश आल्या, जो तो कुठेतरी निघाला. माझा भाऊ कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला निघाला, तेव्हा राजेसाहेबांनी त्याच्या मनगटाला पांढरा सुती दोरा बांधला. माणसात बत्तीस जीव असतात म्हणे. प्रवासात ते भटकतात, म्हणून मागे राहणाऱ्यांनी त्यांना हाक मारून निघालेल्याशी बांधायचं. दोरा कात्रीनं कधी कापायचा नाही, गाठ सोडवायची...

"आपको किसने बांधा था?" आईनं विचारलं.

"कोई नहीं, भाभी. टाइमइच नहीं था."

त्यांचाही देश तेव्हा दारं किलकिली करत होता. एके दिवशी बूथवर निरोप आला. परत या, घर मिळेल, मान मिळेल. फक्त सभेत एवढंच म्हणा, की देश सोडला ही माझी चूक झाली. त्यानंतर कितीतरी दिवस आमचं छत नुसतं दणदणत होतं. मला तर त्यांचा रागच यायचा. जा तरी, नाहीतर बसा तरी!

शेवटी ते निघाले. आईला काळजी दोऱ्याची. पण शुभ कामाला पांढरा दोरा बांधायला तिचा हात धजेना. तिनं तो हळदीत बुडवला, त्यांच्या मनगटाला बांधून गच्च गाठ मारली, तळहातावर दही ठेवलं आणि आमच्या घरच्या रीतीनं त्यांना दारात अडवलं. "जातूं नक्को बोलो, राजेसाब. 'येतो' म्हणा."

"येतो," ते शहाण्या मुलासारखं म्हणाले.

आणि आले की परत! नदीच्या थायलंडच्या काठापर्यंत गेले. समोर त्यांचा देश दिसत होता. काठावर फेऱ्या मारल्या आणि माघारी फिरले. "झूट बोलना था. नहीं हुआ," मला एवढंच म्हणाले. आईला मात्र ते कधीच पटलं नाही. पलीकडे निघालेल्या माणसाचे बत्तीसच्या बत्तीस जीव आपणच तारनाक्याला बांधून ठेवले, वर 'येतो' म्हणायला लावलं, या विचारानं तिला पोखरलं. "माझ्यामुळं त्यांचं घर राहिलं गं," म्हणून रडायची. गाठ सोडू द्या म्हणून तिनं त्यांना कितीदा विनवलं. ते हात मागे घ्यायचे. "रहने दो, भाभी. पहला है." आणि पुन्हा वर पावलं सुरू.

आईचा फोन आला त्या दिवशी त्यांना न्यायची वेळ झाली तेव्हा आई पुढे झाली. हळद केव्हाच उडालेली, दोरा काळपट, गाठ दगडासारखी. कुणीतरी कात्री आणली. "कात्री नको!" आई खेकसली. नखांनी, मग केसातल्या आकड्यानं ती गाठ उकलत बसली. गाडी खोळंबली, लोक घड्याळं बघू लागले, ती हटली नाही. गाठ सुटली तेव्हा तिनं त्यांचा हात हलकेच छातीवर ठेवला. "जा आता, राजेसाब," म्हणाली. आमच्या घरात हा शब्द निरोपाला कुणी कुणाला म्हणत नाही.

बॅग अजून वरच आहे, चेन लावलेली. पोर्शन विचारायला लोक येतात, आई परतवते. संध्याकाळी पावलांची वेळ झाली की हातातलं काम थांबवून मान वर करते. वर काही वाजत नाही. भाऊ विमानात बसला की ती ज्या आवाजात विचारायची, त्याच आवाजात मग मला विचारते, "पोचले असतील ना गं?"